सहा वर्षं योग, जन्मापासून शाकाहार, आणि तरीही ७१.८ किलो

"ताई, मी मांस खात नाही, दारू पीत नाही, आठवड्यातले पाच दिवस तुमच्याकडे येते. मग हे येतं कुठून?" योगाचा वर्ग संपल्यावर चटई गुंडाळता गुंडाळता एका बाईंनी विचारलं आणि पोटावर हात ठेवला. माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते चुकीचं निघालं आणि आमचे सहा आठवडे त्यात गेले. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या सहा आठवड्यांमुळेच.

मी योग शिकवते. पोषणशास्त्राचा अभ्यासही केला आहे, पण या बाई येण्याआधी तो परीक्षेपुरता होता. त्यांनी लिहायची परवानगी दिली आहे आणि त्या ओळखू येतील असे तपशील मी गाळले आहेत.

सुरुवातीला काय होतं

वय ४६, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७१.८ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २९ च्या थोडा वर. कंबर ९३ सेंटिमीटर. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी हा सोपा निकष धरला, तर त्यांची ७८.५ च्या आत हवी होती. काम पूर्ण वेळ बसून. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कुठलं औषध चालू नाही. पाळी अनियमित व्हायला लागलेली, झोप मध्येच मोडणारी.

वर्गात पहिल्यांदा आल्या तेव्हा वजन ६६ होतं. सहा वर्षांत जवळजवळ सहा किलो, वर्षाला एक. इतक्या हळू वाढणारं वजन कुणाच्या लक्षात येत नाही. कपडे दर दोन वर्षांनी जरा घट्ट होतात, एवढंच.

त्यांची आसनं मात्र सुरेख होती. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्यांना टेकायचं, सर्वांगासनात पाच मिनिटं हलायच्या नाहीत. नवीन आलेल्यांना मी त्यांच्याकडे बघायला सांगायचे. त्यामुळे त्यांचं वजन वाढतंय हे दिसत असूनही माझ्या डोक्यात कधी प्रश्न म्हणून उभंच राहिलं नाही.

माझा पहिला उपाय

सूर्यनमस्कार वाढवा, असं मी सांगितलं. रोज बारा घालत होत्या, ते तीन आठवड्यांत ४८ वर नेले. जोडीला सकाळी दहा मिनिटं कपालभाती, "पोटासाठी". रात्रीचं जेवण हलकं.

सहा आठवड्यांनी काट्यावर ७२.३ आलं. अर्धा किलो वाढ. उजवं मनगट दुखायला लागलेलं आणि संध्याकाळी सहाला अशी भूक लागायची की स्वयंपाक होईपर्यंत डबे उघडले जायचे. त्या निराश झाल्या. मी थोडी ओशाळले, पण त्याहून जास्त गोंधळले, कारण वर्षानुवर्षं हेच तर मी सांगत आले होते.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. कागद घेतला आणि हिशेब मांडला.

निरनिराळ्या हालचालींना किती ऊर्जा लागते याची एक तक्ता-सूची संशोधक वापरतात. स्वस्थ बसण्याला १ धरायचं आणि बाकी हालचाली त्याच्या किती पट ते मांडायचं. या एककाला मेट म्हणतात. २०११ च्या आवृत्तीत हठयोगाला २.५ मेट आहेत, सूर्यनमस्कारांना ३.३, नाडीशोधनाला (आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास घेण्याला) २, आणि मध्यम गतीने चालण्याला ३.५. एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी. (इथे सगळीकडे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी.)

७१.८ किलोच्या बाईंनी तासभर योग केला तर २.५ गुणिले ७१.८, म्हणजे १८० कॅलरी. पण त्या तासात नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी ७२ खर्च झाल्याच असत्या. म्हणजे योगामुळे जास्तीचा खर्च साधारण १०८. त्यात शेवटची दहा मिनिटं शवासन. ते इतकं छान जमतं की कधी कधी घोरणं ऐकू येतं. शंभर धरा.

शंभर कॅलरी म्हणजे चौदा बदाम, किंवा पोह्याचा चमचा नव्हे, एक मोठा चमचा तेल, आणि तोही काठोकाठ न भरता; कारण काठोकाठ भरला तर १२० होतात.

वाढवलेल्या सूर्यनमस्कारांचा हिशेब तर आणखी लाजिरवाणा. अर्धा तास जास्तीचा धरला तरी ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरी. त्या बदल्यात मनगट दुखवून घेतलं आणि संध्याकाळची भूक विकत घेतली.

कपालभातीबद्दलही बोलायला हवं, कारण त्यावर आमच्या व्यवसायात बरंच काही खपवलं जातं. पोटाचा स्नायू हलवला म्हणून त्याच्यावरची चरबी वितळत नाही. चरबी शरीर सगळीकडून घेतं, कुठून आधी घ्यायची ते त्याचं ते ठरवतं. पिळाच्या आसनांनी "विषद्रव्यं" पिळून निघतात हेही तसंच. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तुम्ही मत्स्येन्द्रासनात असा नाहीतर खुर्चीत. ही वाक्यं मी वर्गात बोललेली आहे. आता बोलत नाही.

दहा दिवस काटा

योगाच्या तासाने प्रश्न सुटणार नाही हे कळल्यावर ताटाकडे वळलो. आधी मी त्यांना आठवून सांगायला लावलं. त्यांच्या आठवणीप्रमाणे दिवसाचं खाणं १,४०० कॅलरींच्या आसपास भरलं. खरंच तेवढं असतं तर त्या केव्हाच बारीक झाल्या असत्या. शरीराला स्वस्थ पडून लागणारी ऊर्जा काढायचं मिफ्लिन–सेंट जिओर हे १९९० चं सूत्र आहे. त्याने त्यांची गरज १,३०८ येते. बैठं काम आणि योग धरून १.४ ने गुणलं की १,८३० च्या आसपास.

त्या खोटं बोलत नव्हत्या. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९२ साली एक छोटा अभ्यास आला होता. "काही खात नाही तरी वजन उतरत नाही" अशी तक्रार असलेल्या लोकांचं खाणं आणि खर्च त्यात प्रत्यक्ष मोजला. लोकांनी सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होतं आणि सांगितलेला व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांची चयापचयाची गती मात्र ठीकच होती. माणूस जेवण लक्षात ठेवतो. घास लक्षात राहत नाहीत.

म्हणून स्वयंपाकघरातला छोटा काटा आणायला सांगितला. दहा दिवस, आणि फक्त दहाच दिवस, सगळं तोलून लिहायचं. काही बदलायचं नाही. तेलासाठी वेगळी युक्ती केली. प्रत्येक वेळी तेल तोलणं जमत नाही. म्हणून पहिल्या दिवशी बाटली काट्यावर ठेवली, दहाव्या दिवशी पुन्हा ठेवली. १,४४० ग्रॅमचा फरक. घरात चार माणसं. माणशी रोज ३६ ग्रॅम, म्हणजे ३२४ कॅलरी. थोडं कढईला चिकटून वाया जातं हे मान्य, पण फार नाही.

"मी तर तेल बेतानंच घालते," त्या म्हणाल्या. आणि ते खरं होतं. मी एकदा त्यांना घालताना पाहिलं. बाटली तिरकी करायची, मनात दोन मोजायचं, सरळ करायची. ते दोन मोजणं दिवसात पाच वेळा व्हायचं.

दहा दिवसांची सरासरी १,९३० आली. तोलताना माणूस आपोआप थोडं कमी खातो, त्यामुळे एरवी थोडं जास्तच असणार. पण मला चकित केलं ते एकूण आकड्याने नाही. वर्गानंतर त्या घरी जाऊन एक "पौष्टिक" पेय घ्यायच्या: पाव लिटर दूध, एक केळं, चार खजूर, चमचाभर मध. सगळं मिळून चारशे कॅलरी. दिवसभरात येता-जाता बदाम आणि शेंगदाणे, मिळून ४५ ग्रॅम, २६० कॅलरी. आणि तेल ३२४. हे तीन आकडे मिळवले की ९८४ होतात. दिवसभरातल्या निम्म्याहून अधिक कॅलरी अशा गोष्टींमधून येत होत्या ज्यांना त्या खाणं म्हणतच नव्हत्या. पेय व्यायामाचं होतं, सुकामेवा आरोग्याचा होता आणि तेल भाजीचं होतं. मला त्यांनी आठवून सांगितलेल्या दिवसात पेय होतं, पण "दूध" म्हणून. बाकी दोन नव्हतेच.

योगाच्या तासाचे शंभर आणि त्यानंतरच्या पेल्याचे चारशे. हे कागदावर शेजारी शेजारी लिहिल्यावर आम्ही दोघीही हसलो.

एक गोष्ट स्पष्ट करते. १,९३० खाणं आणि १,८३० खर्च असं लिहून "बघा, शंभराचा फरक, हेच कारण" असं म्हणणं बरोबर नाही. सूत्राची चूक सहज दहा टक्क्यांची असू शकते. वर्षाला एक किलो चरबी वाढायला, किलोमागे ७,७०० कॅलरी धरल्या तरी, दिवसाला एकवीसच्या आसपास जादा पुरतात. एवढं बारीक कुठलाही स्वयंपाकघरातला काटा पकडू शकत नाही. काट्याने एवढंच सांगितलं की तूट कुठेच नव्हती.

प्रोटीन आणि डाळीचं पाणी

वहीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. प्रोटीन दिवसाला ४७ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.६५. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी धरलेली सुरक्षित पातळी ०.८३ आहे, तीही वजन कमी करत नसताना. कमी खाऊन वजन उतरवायचं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. तो वाचवायचा तर प्रोटीन याहून बरंच जास्त लागतं, १.२ किंवा त्याहून वर नेतात. चाळिशी ओलांडलेल्या बाईने स्नायू घालवून काट्यावरचा आकडा कमी करून घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

"पण मी दोन वेळा डाळ खाते की!" हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे. मी त्यांना कच्ची डाळ तोलायला सांगितली. चौघांच्या एका वेळच्या डाळीला ऐंशी ग्रॅम. माणशी वीस. कच्च्या डाळीत प्रोटीन चोवीस टक्के धरा, वीस ग्रॅमात पाच ग्रॅमही नाही. वाटी भरलेली दिसते, पण ती पाण्याने. शिवाय डाळ म्हणजे प्रोटीन हे अर्धंच खरं. डाळीत प्रोटीनच्या दुपटीहून अधिक पिष्ट असतं. त्याचं वाईट काही नाही, पण हिशेबात धरायला हवं.

शाकाहारी माणसाची अडचण इथे आहे. मांसाहाऱ्याला प्रोटीन बहुतेक वेळा सुटं मिळतं. आपल्याला ते नेहमी कशाच्या तरी सोबत येतं: डाळीत पिष्टाबरोबर, दाण्यात आणि पनीरमध्ये चरबीबरोबर. म्हणून मी त्यांना एक प्रश्न विचारायची सवय लावली: या पदार्थातून दहा ग्रॅम प्रोटीन घ्यायचं तर किती कॅलरी मोजाव्या लागतील? बदामातून घ्यायचं तर २७५. शेंगदाण्यातून २२०. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधातून १९०, पनीरमधून १५० च्या आसपास, डाळीतून १३०, साय काढलेल्या दुधातून १००. सोयाबीनच्या सुक्या वड्यांमधून मात्र पासष्ट-सत्तर. "रोज मूठभर बदाम, प्रोटीनसाठी" हा सल्ला या उतरंडीत कुठे बसतो ते दिसतंच. बदाम चांगलेच आहेत, पण ते चरबी म्हणून खावेत.

धान्य आणि डाळ एकाच घासात हवी का, असंही त्यांनी विचारलं. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांपैकी लायसिन डाळीत भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यात उलट. दोन्ही दिवसभरात पोटात गेलं की भागतं. एका ताटात जुळवायची गरज नाही.

बदल काय केले

पेयातलं केळं, खजूर आणि मध गेलं, साधं कमी स्निग्धांशाचं दूध राहिलं. त्यांना दूधही सोडायचं होतं, मी सोडू दिलं नाही. कारण पुढे येईल. बदाम-दाणे १५ ग्रॅम, सकाळीच छोट्या वाटीत काढून ठेवायचे आणि डबा वरच्या फळीवर. तेल माणशी २० ग्रॅमांवर आणलं. त्यासाठी त्यांनी बाटलीऐवजी चमचा वापरायला सुरुवात केली. भात-पोळीचं प्रमाण पाव भागाने कमी केलं. डाळ मात्र दुपटीहून जास्त, दाट. रोज तीस ग्रॅम सोयावड्या, कधी त्याऐवजी टोफू. आणि दुपारी घट्ट, पाणी निथळलेलं दही. खाणं १,५०० च्या जरा वर आलं आणि प्रोटीन ७५ च्या आसपास. माझं लक्ष्य ८० होतं. ते रोज गाठणं त्यांना जड गेलं, मी ताणलं नाही.

पहिले दहा-बारा दिवस पोटात गॅस धरला. अचानक डाळ आणि सोया वाढवल्यावर असं होणारच होतं. मी हळूहळू वाढवायला सांगायला हवं होतं.

आणि चालणं. फोनमध्ये पाहिलं तर दिवसाला ३,१०० पावलं. योग करणाऱ्या कित्येक जणांची ही स्थिती असते: सकाळी एक तास आदर्श, उरलेले पंधरा तास खुर्ची. ती पावलं ७,००० पर्यंत नेली. जास्तीच्या पावलांचा खर्च साधारण शंभर कॅलरी, म्हणजे योगाच्या तासाएवढाच, आणि त्यासाठी कपडे बदलावे लागत नाहीत.

मधली थकवा-कथा

तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या की जिना चढताना दम लागतो आणि रात्री पायात मुंग्या येतात. कमी खाल्ल्यामुळे असेल, असं मला वाटलं असतं. पण मुंग्या ऐकून मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन काठावर. बी-१२ कमी.

बी-१२ वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. शाकाहाऱ्याला ते दूध-दह्यातून मिळतं. पाव लिटर दुधात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि गरज दिवसाला २.४ ची. म्हणून मी दूध सोडू दिलं नव्हतं. पण नुसत्या दुधावर त्यांचं भागत नव्हतं, हे आता कळलं. डॉक्टरांनी बी-१२ आणि लोह सुरू केलं. लोहासाठी एक छोटी गोष्ट त्यांनीच बदलली: जेवणाला लागून घेतला जाणारा चहा तासाभराने पुढे नेला आणि डाळीवर लिंबू पिळायला लागल्या. चहा लोह नीट शोषू देत नाही, क जीवनसत्त्व मदत करतं.

बी-१२ घेतल्याने वजन उतरत नाही. मुंग्या दीड-दोन महिन्यांत गेल्या आणि पायात जोर आला, एवढं झालं. सहा वर्षं मी त्यांच्या थकव्याला "शवासन वाढवा" म्हणत होते, ते आठवून अजून वाईट वाटतं.

योगाचं काय केलं

योग कमी केला नाही. त्याच्याकडून अपेक्षा बदलली.

सहा वर्षं तीच आसनं त्याच क्रमाने करणाऱ्या शरीराला त्यात श्रम उरत नाहीत. त्यांचं पश्चिमोत्तानासन सुरेख होतं, पण उत्कटासनात पन्नास सेकंदांनी मांड्या थरथरायच्या आणि चतुरंगात, म्हणजे दंड काढल्यासारखं हातांवर खाली उतरताना, त्या धप्पकन खाली यायच्या. सगळे आवडीची आसनं सुधारत राहतात. आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे केले: उत्कटासन आणि वीरभद्रासन लांब धरणं, चतुरंगात पाच मोजत उतरणं, नौकासन. पण आसनांमध्ये एक उणीव आहे जी योगशिक्षक सहसा कबूल करत नाहीत. ढकलण्याच्या हालचाली भरपूर, ओढण्याच्या जवळजवळ नाहीतच. त्यासाठी रबरी पट्टा आणला, दाराच्या कडीला अडकवला आणि ओढायला लावला. उठाबशांना हातात डंबेल्स दिले. माझ्या वर्गात डंबेल्स आल्यावर दोन जुन्या विद्यार्थ्यांनी नाकं मुरडली.

योगाचा खरा उपयोग झाला तो संध्याकाळी सहा ते आठच्या वेळात. कामावरून येऊन स्वयंपाकाला लागेपर्यंत उभ्या उभ्या खाणं व्हायचं, ते वहीत दिसलं होतं. मी सांगितलं, घरात शिरल्यावर आधी दहा मिनिटं भिंतीला पाय लावून विपरीत करणीत पडायचं, श्वास सोडणं लांबवायचं, मग ओट्याकडे. त्यांच्या नोंदीप्रमाणे आठवड्यात चार दिवस हे जमायचं. त्या चार दिवशी डबे उघडले जात नसत. बाकी तीन दिवशी उघडले जात. त्यात खर्च झालेल्या कॅलरी मोजायला गेलं तर दहा-पंधरा. टळलेल्या मात्र दोनशेच्या घरात.

मिताहाराचा विषय निघाला तेव्हा एक गंमत झाली. हठयोगप्रदीपिकेत मिताहाराची व्याख्या आहे: सुस्निग्ध आणि मधुर अन्न, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून घेतलेलं. बाईंनी ऐकून विचारलं, "म्हणजे सहा वर्षं मी पहिला अर्धा भाग पाळला?"

नवव्या आठवड्यानंतर

नऊ आठवड्यांत ७२.३ वरून ६८.६. पहिल्या आठवड्यातच सव्वा किलो गेला होता, तेव्हा मी बजावलं होतं की त्यात बरंच पाणी आहे. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमाबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, खाणं कमी केलं की दोन्ही निघून जातात.

मग तीन आठवडे काटा हलेना. एके दिवशी तर ६९.४ दिसलं आणि त्या दिवशी त्यांनी दुपारचं जेवण टाकलं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर रोजचा आकडा बघायचा, पण मनावर घ्यायची ती आठवड्याची सरासरी, असं ठरलं. पाळीच्या आसपास दीड किलोपर्यंत पाणी चढ-उतार करतं, आणि अनियमित पाळीत ते केव्हा चढेल सांगता येत नाही. कंबर त्या तीन आठवड्यांत एक सेंटिमीटर उतरलीच होती.

तरी थोडं शोधलं. पावलं ७,००० वरून ४,००० वर आली होती. कुणी ठरवून नाही. कमी खाणारं शरीर गुपचूप बसकण मारतं. बाटली पुन्हा तोलली, तेल २६ वर गेलं होतं, कारण चमचा हरवला होता. आणि बारीक झालेलं शरीर खर्चही कमी करतं. खाणं आणखी कापायची त्यांची तयारी होती. मी नाही म्हटलं. पावलं परत वर आणली, नवा चमचा आला. चौथ्या आठवड्यात काटा हलला.

आठव्या महिन्याच्या शेवटी ६५.४ किलो, कंबर ८४. उत्कटासन दीड मिनिट, चतुरंगातून धप्प आवाज बंद. झोप मोडायची ती मोडतेच आहे. कंबर अजून उंचीच्या निम्म्याच्या वर आहे. त्यांच्या मनात ६० किलो होतं, पंचविशीतलं वजन. तिथे जायचं तर खाणं १,४०० च्या खाली न्यावं लागलं असतं आणि ते त्यांना नको होतं. मलाही नको होतं. त्यांनी थांबायचं ठरवलं. चार महिन्यांनी ६६.१ आहे, वर्गात पहिल्यांदा आल्या तेव्हाएवढंच, फक्त आता हातात डंबेल आहे.

परवा एक नवीन मुलगी आली. चटई पसरता पसरता म्हणाली, मी शाकाहारी आहे, योगाने किती दिवसांत वजन उतरेल? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या ओळीतून आवाज आला, "तुमच्याकडे तेलाची बाटली किती दिवस जाते हो?"